तेरा चिठ्ठ्या

अलीकडे मला वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं दिसत नाहीत. डोळे मिटले की मात्र एक चिठ्ठी लख्ख दिसते: वहीच्या कागदाचा चतकोर तुकडा, मधोमध घडी, वर ‘श्री’ आणि खाली एक नाव. ती चिठ्ठी माझ्या हातात आली त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. ती जाळलीसुद्धा मीच. तरी ती जात नाही.

तेव्हा मी तालुक्याच्या लोकल बोर्डात कारकून होतो. राहायला लोणावळ्यात, कचेरी वडगावात. ठराव लिहायचे, विहिरींच्या दुरुस्तीचे अर्ज फायलीला लावायचे, सभेच्या दिवशी सभासदांच्या चहाची व्यवस्था बघायची. सभासद तेरा. त्यांनी आपल्यातूनच एक प्रेसिडेंट निवडायचा. कुणाला हसू येईल, पण त्या एका खुर्चीसाठी मावळात महिना-महिना घोडी आणि बैलगाड्या धावायच्या.

त्या वर्षी दोघे उभे होते. एक सोमाटण्याकडचे पाटील. जमीनजुमला भरपूर, बोलणं मऊ, रीतिरिवाजाला पक्के. दुसरे लोणावळ्यातले वकील. बोर्डात नुकतेच आलेले, कोट घालणारे, घड्याळ बघून बोलणारे. पाटलांकडे स्वतः धरून सात मतं होती, वकिलांकडे सहा. पाटील येणार यात कुणाला शंका नव्हती.

तरीही आदल्या दिवशी पाटलांच्या मेव्हण्यानं त्यांच्या बाजूच्या सहाही जणांना सोमाटण्याच्या खंडोबाच्या देवळात नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर शब्द दिला की आमच्याकडे तो कोर्टातल्या कागदापेक्षा पक्का. पाच जणांनी उचलला. सहावे औंढ्याचे आबा देवळाच्या पायरीखालीच थांबले. “भावकीत बाळंतीण हाय. सोयर हाय आमाला. भंडारा कसा शिवू? मी हितनंच शबूद देतो,” ते म्हणाले. सोयर पाळणाऱ्याला देवळात कोण ओढणार? सगळ्यांनी माना डोलावल्या, गूळ-खोबरं खाल्लं आणि आपापल्या गाड्या जुंपल्या.

दुसऱ्या दिवशी मामलेदारसाहेब अध्यक्षस्थानी बसले. तेरा चिठ्ठ्या डब्यात पडल्या. साहेब एकेक उघडून नाव वाचायचे आणि माझ्याकडे द्यायचे. सहा-सहा झाले. तेरावी उघडली आणि साहेबांनी वकिलांचं नाव वाचलं.

ती चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा मी ती पुन्हा वाचली. वर ‘श्री’ होता, त्याच्याखाली दोन ठिपके. हा ‘श्री’ मी पाटलांच्या प्रत्येक पत्रावर पाहिला होता. त्या माणसाला कागदाला पेन टेकवताना तो काढल्याशिवाय राहवतच नसे. वकिलांना मत पाटलांनी स्वतः दिलं होतं.

आता हे का, ते सांगतो, नाहीतर पाटलांना वेड लागलं होतं असं वाटेल. आमच्या बोर्डात जुन्या मंडळींची एक रीत होती. उमेदवारानं आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं नाही, समोरच्याचं लिहायचं. ‘मला निवडा’ असं स्वतःच लिहिणं म्हणजे पंगतीत आपल्याच पानात तूप ओढून घेणं. दोघांनीही ती पाळली की हिशेब होता तिथंच राहायचा, आणि वर शोभाही राहायची. पाटलांनी पाळली. वकिलांनी सरळ स्वतःचं नाव लिहिलं. त्यांना रीत माहीत नव्हती, की माहीत असून सोडून दिली, देव जाणे. कायद्यानं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बाकीच्यांनी मात्र दोघांनीही रीत पाळली असंच धरलं होतं.

मी पाटलांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. चेहरा असा, की घरात कुणी गेल्याची तार आली आहे आणि ती अजून कुणाला सांगायची नाही.

त्यांनी ती कधीच सांगितली नाही. सांगणार तरी काय? महिनाभर माणसं राबवली, देवाला साक्षी ठेवलं, आणि शेवटी मीच मला पाडलं? मावळभर हसं झालं असतं.

पहिले चार दिवस सगळ्यांनी दोष इकडेतिकडे वाटला. कुणी म्हणे मेव्हण्याचं तोंड फटकळ, कुणी म्हणे वकिलांनी बंगल्यावर चहाला बोलावून कुणाला तरी फोडलं. मग कुणाला तरी पायरीखाली थांबलेला माणूस आठवला. बेलभंडार न उचललेला एकच होता. भावकीतली बाळंतीण सगळ्यांना ठाऊक होती, औंढ्यात बाळ रडताना ऐकूही येत होतं. पण आता ते निमित्त ठरलं. सगळं खापर औंढ्याच्या आबांच्या डोक्यावर फुटलं आणि पाटलांच्या माणसांना एकदाची झोप लागली.

पंधरा दिवसांनी आबा कचेरीत आले. उभेच राहिले.

“भाऊसाहेब, चिठ्ठ्या तुमच्या हाताखालनं गेल्या. माजं मत कुनाला गेलं, येवडं चार मान्सांत सांगा. दुसरं काय न्हाई.”

“आबा, मत गुप्त असतं. मला बोलता येत नाही,” मी म्हणालो.

नियमानं ते खरंच होतं. पण खोटं कशाला बोलू, मला नियमाची आठवण भीतीनं झाली. पाटलांचे पुतणे आमच्या हेडक्लार्कच्या बैठकीतले, आणि माझी नोकरी कच्ची.

त्या पावसाळ्यात आबांच्या भातलावणीला एकही माणूस गेला नाही. एरवी औंढ्यात आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, असं सगळं गाव मिळून लावणी उरकायचं. आबा, त्यांची बायको आणि लेक, तिघंच चिखलात वाकलेली मी कचेरीला जाताना आगगाडीच्या खिडकीतून पाहिली. रोपं पिवळी पडत चालली होती. मी दुसऱ्या बाजूला तोंड केलं.

सोयर तर केव्हाच फिटलं होतं. लावणीनंतर आबांनी त्याच खंडोबाच्या देवळात जाऊन बेलभंडार उचलायचं ठरवलं. शपथेला साक्षीदार लागतात. ते घरोघर फिरले, माझ्याकडेही आले. मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. देवळात आबा आणि गुरव, दोघंच. गाव म्हणालं, एकट्यानं उचललेला बेलभंडार कशाचा?

पुढच्या निवडणुकीत पाटील प्रेसिडेंट झाले. जपून ठेवायची मुदत संपल्यावर जुन्या चिठ्ठ्या जाळायचा हुकूम आला. दोनेक दिवसांनी कागदांवर सही करता करता त्यांनी मला विचारलं, “चिठ्ठ्या जाळल्या?”

“जाळल्या.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि याहून जास्त आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. वाईट माणूस नव्हता. मीही नाही. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. तेव्हापासून पत्र लिहायला घेतलं की माझा हात ‘श्री’पाशी अडतो. घरचे म्हणतात, देवावरचा विश्वास उडाला.

वर्षं गेली. पाटील वारले. मला पेन्शन लागलं. एका बाजारच्या दिवशी दुपारी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. पार खंगले होते. पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवला.

“भाऊसाहेब, येक इचारू? मला लिवाया येत न्हवतं. पाटलांचं नाव लेकीनं म्हैनाभर पाटीवर गिरवून घेतलं हुतं. तेवडं येकच नाव मला येत हुतं. आता लोक इतकी वर्सं सांगत्यात, तर वाटाय लागलंय… घाईत हात चुकला आसंल का माजा? त्या वकिलाचंच नाव लिवलं गेलं आसंल का?”

ज्याला एकच नाव लिहिता येत होतं, त्याच्या हातून दुसरं नाव चुकून तरी कसं लिहिलं जाईल? हे एक वाक्य मी बोलायचं होतं. ती चिठ्ठीही मला आठवत होती: जाडी वेडीवाकडी अक्षरं, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलेला, आणि नाव पाटलांचं. आता मला कुणाची भीती उरली नव्हती. पण सांगायचं म्हणजे आधी इतकी वर्षं का सांगितलं नाही ते सांगायचं.

“जाऊ द्या आबा,” मी म्हणालो. “चुका होतात माणसाच्या हातून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू मान हलवली.

“व्हय,” ते म्हणाले. “तसंच झालं आसंल.”

पुढच्या बाजारी कळलं की आबा औंढ्याहून चालत सोमाटण्याला गेले, पाटलांच्या थोरल्या मुलाच्या दारात नारळ ठेवला आणि माफी मागितली. मुलानं मोठ्या मनानं माफ केलं, असं लोक कौतुकानं सांगत होते. मीही ऐकून घेतलं.