गोठलेलं पाणी निघालं कुठे?

यंदा साठी पूर्ण करणाऱ्या रणपिसे मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत, पीएच.डी.साठी जागा मागायला. अब्बांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. संशोधन म्हणजे काय, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी माझी गुणपत्रिका न उघडताच बाजूला ठेवली आणि समोरच्या कपाकडे बोट दाखवलं. "वाफ निघून गेली की उरलेला चहा थंड का होतो?"

मी घडाघडा सूत्र म्हटलं.

"अहो, सूत्र पुस्तकात आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. पण येरवड्याला घरी जाताना बसमध्ये डोक्यात तेच घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन गेले. ते चुकलं, आणि जागा मिळाली.

आमच्या गटाचं काम सांगायला सोपं आहे. संगणकात एक काल्पनिक पेटी करायची, तिच्यात पाण्याचे रेणू सोडायचे आणि तापमान बदललं की ते कसे वागतात ते पाहायचं. दोन वर्षं खपल्यावर माझ्या पेटीतल्या एका अतिअरुंद नळीत पाणी खोलीच्या तापमानालाच गोठलं. नवा शोध म्हणून मी गटात पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गोठलंय ना? मग हे सगळं मिळून निघालंय कुठे?"

खरंच, बर्फाचा तो गोळा नळीतून सुसाट धावत होता. तापमान म्हणजे खरं तर रेणूंची आपापली थरथर; ती थांबली होती, आणि प्रोग्राम त्या धावण्यालाच उष्णता समजून तापमान खोलीइतकंच दाखवत होता. दोन वर्षांचं काम बाद झालं. मी चक्क रडले. त्याहून वाईट म्हणजे, प्रोग्रामची ही मांडणी मी मॅडमच्याच एका जुन्या शोधनिबंधातून जशीच्या तशी उचलली होती. त्याच निबंधामुळे त्यांचं नाव झालं होतं. आठवडाभर मी त्यांना टाळलं आणि मग एका दमात सांगून टाकलं.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "म्हणजे माझंही पाणी पळत होतं? दाखवा!"

दोघींनी त्या जुन्या निबंधातलं गणित पुन्हा चालवलं. पळत होतं.

"निबंध मागे घ्यायचं पत्र मी लिहिते. चूक कुणी शोधली, तेही त्यात येईल."

विभागप्रमुखपदासाठी तेव्हा त्यांचं नाव चर्चेत होतं. थोडं थांबावं, असं मीच सुचवलं. "निबंध वाचणारे थांबणार आहेत का?" एवढंच त्या म्हणाल्या. पत्र गेलं, पद दुसऱ्यांना मिळालं. दुरुस्त केलेल्या गणितावर माझा पहिला निबंध आला. त्यात माझं नाव आधी आणि त्यांचं नंतर होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सगळ्या जुन्या निबंधांची यादी माझ्या हातात ठेवली. "आता हेही तपासा." आज मी स्वतः शिकवते, तरी ते काम चालूच आहे.

मॅडम, यादी अजून अर्धीही झालेली नाही. आपली प्रकृती ठणठणीत राहो आणि आपल्याला भरपूर आयुष्य लाभो. स्वतःच्या चुका आपल्याइतक्या आनंदाने ऐकून घेणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.