पेन्सिल हाय, फावडं न्हाय

"पेन्सिल हाय, फावडं न्हाय." पहिलीच्या वर्गातून बाईंचं हे वाक्य आधी ऐकू यायचं आणि मग बाई दिसायच्या. मूठ आवळून लिहिणाऱ्या पोराची बोटं त्या एकेक करून सोडवायच्या आणि तीनच बोटांत पेन्सिल ठेवून द्यायच्या. कोल्हापुरातल्या पेठेतली आमची मराठी शाळा. माझा दुसरीचा वर्ग भिंतीपलीकडं होता, त्यामुळं माझ्या मुलांची पहिली रोज नव्यानं व्हायची.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आमच्या बाई मूळच्या नेसरी गावच्या. लाडानं बोलल्या तरी खेकसल्यासारखं वाटायचं आणि मुलं मात्र त्यांच्याच पदराला चिकटायची.

त्यांच्या वर्गातली आरोही डावखुरी. घरी आजीनं उजव्या हातानं लिहायला लावलं, तेव्हापासून पोरीनं लिहिणंच सोडलं. वर्गात दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. बाईंनी आजीलाच शाळेत बोलावलं. मी तेव्हा खडू मागायला दारात उभी होते.

"डाव्या हातानं लिवत्यात व्हय बाई? लोक काय म्हणतील?" आजी म्हणाल्या.

"बसा आजी. च्या सांगू?" बाईंनी खडू डाव्या हातात घेतला. "हिला शिकवायचं तर आधी मला याया पाहिजे की."

त्यांनी फळ्यावर 'ज' काढला. तो पार आडवा झोपला. सगळा वर्ग हसत सुटला.

"हसा की. मी बी नवीनच हाय."

आरोहीचा डावा हात हळूच मांडीखालून बाहेर आला. ती उठली, बाईंच्या हातातला खडू घेतला आणि शेजारी दुसरा 'ज' काढला. जरा मोठा, पण ताठ उभा. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आजी दोन्ही अक्षरांकडं बघत राहिल्या. "बाईंपेक्षा हिचंच बरं हाय की. लिवू दे तिला. जेवताना मात्र उजवाच."

"कबूल," बाई म्हणाल्या आणि चहा मागवला.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन बाई नेसरीला गेल्या आणि पहिली माझ्याकडं आली. मला खेकसायला जमत नाही. बाईंची फार आठवण येते. यंदा वर्गात दोघं डावखुरी आहेत, म्हणून संध्याकाळी मी घरी पाटी घेऊन डाव्या हातानं गिरवत बसते. काल माझाही 'ज' आडवा झोपला आणि घरातले सगळे हसले.

"हसा की," मी म्हटलं. "मी बी नवीनच हाय."

पाटी पुसली आणि पेन्सिल पुन्हा डाव्या हाताच्या तीन बोटांत धरली.