अंगणातली चूल

त्या संध्याकाळी मी अंगणात हिरवी केळी सोलत बसलो होतो आणि सिंधू, माझी बायको, चुलीवरचं लाल कालवण ढवळत होती. तिने पळी माझ्यापुढे धरली. "सांगा, मीठ कसं आहे?" ती स्वतः चाखणार नव्हती. त्यात सुकी मासळी होती, आणि तिने जन्मात मासळी तोंडाला लावली नव्हती. "बरोबर आहे," मी म्हणालो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पहाटे ती उठलीच नाही.

हे कालवण आपल्या बुऱ्हाणपूरचं नाही. मुलगा नायजेरियात फिटर आहे, तिथलीच बायको केली. अदा तिचं नाव. तिला दिवस गेले म्हणून बाळंतपणासाठी आमच्याकडे ठेवून तो परत गेला. पोरीला आमचं अन्न बसेना. वरणाच्या वासानं उलटी. वाळत चालली. माझी बहीण म्हणाली, "भूक लागेल तर खाईल ना!" सिंधू उखडलीच. "पोट मागून येतं, माई. आधी जिभेला बोलवावं लागतं."

मुलाने तिकडून ताडाचं लाल तेल आणून ठेवलं होतं. सिंधूने ते आपल्या सवयीनं धूर निघेपर्यंत तापवलं आणि वर जिरं-मोहरी टाकली. तेलाचा लाल रंगच उडाला. अदा पोट धरून हसली. "आई, ये तो दाल हो गया!" आमच्या घरात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मग तिने शेजारी बसून शिकवलं. तेल नुसतं कोमट करायचं. त्यात वाटलेला कांदा, टमाटा, मिरची शिजू द्यायची, मग मासळी, शेवटी पालक. सोबत उकडलेली केळी. तिकडची केळी मोठी असतात म्हणे, पण आमच्या बागेतल्या कच्च्या केळांवर भागलं.

मासळी घरात कशी शिजवायची? सिंधूने अंगणात तीन विटा मांडल्या. माई कुरकुरली तर म्हणाली, "अंगण म्हणजे घर नव्हे. घरातली चूल माझी, ही सुनेची." मी सोलायला बसलो की तेलाची वाटी सरकवायची. "हात माखा आधी. केळीचा चीक नवऱ्यासारखा, लागला की सुटत नाही." अदाला काही कळायचं नाही, तरी हसायची. अंगावर मांस धरू लागली होती.

सिंधूला तापीवर पोचवून आलो. घरात चूल बंद. भावकीतून पिठलं-भाकरी आली. अदाने माझ्यासाठी म्हणून दोन घास खाल्ले आणि मोरीत जाऊन ओकली. मुलगा अजून वाटेतच होता. रात्रभर ती भिंतीला टेकून बसली.

सकाळी मी बागेतून केळी आणली आणि विटांमध्ये काटक्या घातल्या. माई धावत आली. "दादा, वेड लागलं का? सुतकात चूल पेटवतोस?"

"अंगण म्हणजे घर नव्हे," मी म्हणालो.

हात माखायचे राहिले, बोटं काळी झाली. तेल कोमट केलं, जसं पाहिलं होतं तसं सगळं घातलं. मीठ चाखलं. अदापुढे वाटी ठेवली. तिने खाल्लं. वाटी पुढे केली.

मी अजून वाढलं.