आक्काच्या फोनमधली जागा

आक्काच्या फोनवर माझं ॲप बसेना. 'पुरेशी जागा नाही' अशी पाटी यायची, आक्का खुदकन हसायची आणि फोन परत माझ्या हातात द्यायची. मला काही हसू येत नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती आणि ऊसतोडीची टोळी निघायची वेळ जवळ आली होती.

आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर माजलगावच्या बाजूला, धरणाच्या अलीकडे. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि दाजी ऊस तोडायला कर्नाटकात जातात. तोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि पैसेही अर्धेच. त्यामुळे पाचवा महिना लागलेला असूनही ती निघाली होती. मी भांडून बघितलं. आईनं माझ्यावर डोळे वटारले, दाजी खाली मान घालून बसले आणि आक्का म्हणाली, "म्या काय पयल्यांदा चाललेय का?" पहिल्यांदा चालली नव्हती, म्हणूनच तर माझा जीव टांगणीला लागला होता. पहिल्या बाळंतपणात तिचा रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांचाही चेहरा उतरला होता. तेव्हा ती निदान घरी होती, कागद हाताशी होते. आता उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, परक्या मुलखात, कन्नड बोलणाऱ्या नर्सला ती काय आणि कसं सांगणार होती?

मी बीडमध्ये एका छोट्या संस्थेत प्रोग्रामर आहे. आमचं ॲप नेमकं याचसाठी होतं. गावातल्या नर्सनं तपासणीच्या नोंदी बाईच्या फोनमध्ये उतरवून द्यायच्या आणि मग कुठल्याही दवाखान्यात, नेट असो वा नसो, त्या उघडून दाखवायच्या. कागद भिजतात, हरवतात. फोन मात्र बाया जिवापाड जपतात. पण त्या जपलेल्या फोनांत जागाच नव्हती.

आक्काच्या फोनमध्ये तिची लेक भरलेली होती. शाळा बुडू नये म्हणून ही लेक तेलगावला आमच्या आईकडे राहते. झोपलेली लेक, पुढचा दात पडलेली लेक, शेळीच्या पिल्लाला पावडर लावणारी लेक. मी म्हणाले, "थोडे फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये घेते, मग इथले पुसू."

"मंग आटवण आली की तुज्या लॅपटॉपकडं येऊ का म्या, कर्नाटकातून?"

नवा फोन घेऊन देते म्हणाले, तर म्हणाली, "मला घेशील. टोळीतल्या बाकीच्या बायांना?" त्यांचे फोनही तसलेच होते आणि मेमरी कार्ड घातलं तरी ॲप काही कार्डावर बसत नव्हतं. म्हणजे बारीक व्हायचं ते ॲपनंच.

लोकांना वाटतं, ॲप आम्ही लिहितो. आम्ही लिहितो ते मूठभर. बाकी सगळं इतरांनी लिहून तयार पॅकेजांत बांधून ठेवलेलं असतं. तारखा मोजायला एक पॅकेज, आलेख काढायला एक, डॉक्टरसाठी अहवालाचं पान तयार करायला एक. आणि प्रत्येक पॅकेज येताना आपल्याला लागणारी आणखी पॅकेजं बरोबर आणतं, ती आणखी आणतात. बोलावलेला असतो एक पाहुणा आणि दारात वऱ्हाड उभं. ह्या वऱ्हाडात जड कोण, एवढंच मला शोधायचं होतं.

ते कसं मापायचं हे मला चांगलं ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. लहानपणी वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसून मी साखर कारखान्याच्या काट्यावर जायची. भरलेली गाडी काट्यावर चढायची, ऊस उतरवून रिकामी पुन्हा चढायची. दोन्ही वजनांतला फरक तो ऊस. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला वजन म्हटलं की हेच सुचणार. मी पूर्ण ॲप बांधलं, आकार बघितला. आलेखाचं पॅकेज काढून पुन्हा बांधलं; फरक किरकोळ. ते परत ठेवलं आणि अहवालाचं काढलं, तेही किरकोळ. तारखांचं काढलं, आणखी दोन-चार काढून बघितली. एकाचंही वजन भरेना. सगळे फरक एकत्र केले तरी ॲपच्या आकाराच्या जवळपास जाईनात. मग उरलेलं ओझं होतं कुणाचं? आपल्याला साधं मापता येत नाही आणि आपण बहिणीच्या जिवाची हमी घ्यायला निघालोय, असं काहीबाही मनात येऊ लागलं.

आमचे साहेब म्हणाले, "एवढं काय, पुढच्या हंगामात बघू." आक्काचं बाळ पुढच्या हंगामापर्यंत थांबणार होतं का? मी लॅपटॉप पाठीला लावून आक्काच्या गावाला गेले. निदान तिचे कागद तरी प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून द्यावेत, एवढाच विचार होता.

अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली भरणं चाललं होतं. आक्का आणि तिची जाऊ दरवर्षी बरोबर जातात, कोप्या शेजारीशेजारी घालतात. ह्या वर्षी जावेच्या नवऱ्याचा पाय मोडल्यामुळे ते बिऱ्हाड मागे राहणार होतं. दाजी ट्रॉलीत उभे राहून कुरकुरत होते. "एक बिऱ्हाड कमी झालं म्हणून म्हणलं लई जागा हुईल. कशाची जागा? पिंप हायच, ताडपत्री हायच, पत्र्याची चूल हायच."

"पिंप जाऊबाईंचं ना?" मी विचारलं.

"दोघींचं हाय ते," आक्का म्हणाली आणि गोधड्यांची गाठ मारू लागली.

मी त्या निळ्या पिंपाकडे बघत राहिले. जाऊ गेली नाही तरी ते आक्कासाठी ट्रॉलीत चढणार. आक्का गेली नसती तर जावेसाठी चढलं असतं. दोघी राहिल्या तरच ते घरी राहणार. आणि मी तिकडे एका वेळी एकीलाच उतरवून वजन करत बसले होते!

ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. कोण कुणाला बरोबर आणतं ते खालपर्यंत तपासत गेले. आलेखाचं पॅकेज आणि अहवालाचं पॅकेज, दोघांनाही चित्र रेखाटणारं एकच भलंमोठं पॅकेज लागत होतं. दोन्ही एकदम काढली. ॲप निम्म्याहून कमी झालं. "काय इंजिनेरबाई, कावून रडताय?" दाजींनी विचारलं. डोळ्यात धूळ गेली, मी म्हणाले.

पण ओझं उतरलं म्हणून काळजी उतरली नाही. आलेख गेला, अहवालाचं सुबक पान गेलं. त्यांच्या जागी मी नुसते मोठे आकडे ठेवले आणि रक्तदाब जास्त असेल तर आकडा लाल. परक्या डॉक्टरला एवढ्यावर कळेल ना? आलेख साहेबांचा लाडका होता. ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी जुनाट फोनांवर ॲप पुन्हापुन्हा चालवून बघत होते.

टोळी निघायच्या सकाळी ते आक्काच्या फोनमध्ये घातलं. पाटी आली नाही. नर्सबाईंनी नोंदी उतरवल्या, टोळीतल्या आणखी दोघींच्या फोनांतही घातल्या.

"आता जागा उरली का?" आक्कानं विचारलं.

"हाय थोडी."

तिनं आईबरोबर निरोपाला आलेल्या लेकीला जवळ ओढलं. "म्हण, शाळंतलं कायतरी." लेक लाजली, मग बेचा पाढा म्हणू लागली, मध्येच चुकली, पहिल्यापासून पुन्हा म्हणू लागली. आक्का रेकॉर्डिंग लावून फोन धरून उभी. पाढा संपायच्या आधीच फोननं जागा संपल्याचं सांगितलं. मी केलेली सगळी जागा भरली होती. आता ॲपमध्ये काही बिघडलं तर दुरुस्ती पाठवायलाही वाव नव्हता. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण आक्का तो अर्धा पाढा कानाला लावून ऐकत होती.

थंडी सरता सरता तिचा फोन आला. "डोकं लई दुखत व्हतं म्हणून दवाखान्यात गेलतो. डाक्टरला आपली भाशा यीना. त्यानं फोनमधला लाल आकडा बगितला आन ठिवूनच घेतलं." तिचा आवाज बरा होता.

साहेब हंगामभर ॲपमध्ये नवं काहीतरी घालू म्हणत राहिले. मी दर वेळी "बघते" म्हणाले आणि आक्का बाळाला घेऊन परत येईपर्यंत त्यात एक ओळ वाढू दिली नाही.