वार्षिक अहवालातला नळ

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी गवार मोडत होते. "मावशी, आई सकाळी गेली," त्यांची लेक पल्लवी म्हणाली. "येते," म्हटलं आणि उरलेली गवार मोडत बसले. रडू आलं नाही. त्याला आता दीड महिना झाला…

ताई एका नगरपालिकेत लेखापाल होत्या. नगरपालिकेचं नाव इथे नको. मी त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागले, तेव्हा मला काहीच येत नव्हतं. त्यांनी बोटाला धरून शिकवलं. वार्षिक लेखे तयार करायचे दिवस आले की आम्ही दोघी रविवारीही कचेरीत. बेलवलीच्या घरून येताना त्या माझ्यासाठी जास्तीची भाकरी आणायच्या. बाळंतपणानंतर मी रुजू झाले, तेव्हा माझं अर्धं काम त्यांनीच ओढलं, कुणाला कळूही न देता.

एका वर्षी गावाच्या कडेच्या वस्तीतली पाण्याची लाइन 'काम पूर्ण' म्हणून लेख्यांत आली. त्या वस्तीत माझी आत्या राहायची. तिला विचारलं, तर म्हणाली, "कयचा नल गो बाय? टँकर आला तं पानी."

मी ताईंना सांगितलं. त्यांनी दार लोटलं. "वरून आलंय. तू नोंद घे, मी साहेबांशी बोलते. मी आहे ना!"

त्या होत्या, म्हणून मी सही केली.

ऑडिटवाले थेट वस्तीत गेले. नळ नव्हताच. चौकशीत ताईंनी लिहून दिलं, 'नोंद कारकुनाने परस्पर घेतली, मला कल्पना नव्हती.' चौकशी अधिकाऱ्यांनी तो कागद मला वाचायला दिला. माझे रजेचे अर्ज लिहून देणारं तेच अक्षर…

मी निलंबित झाले. दीड वर्ष उल्हासनगरच्या शेठकडून जीन्स आणून घरी धागे कापले. आत्याने बोलणं टाकलं. तिला वाटलं, नळ मीच खाल्ला. शेवटी चौकशीतून सुटले, कामावर परतले. तोवर ताई हारतुरे घेऊन निवृत्त झाल्या होत्या.

शेवटच्या महिन्यांत त्या उल्हासनगरच्या दवाखान्यात होत्या. पल्लवीने बोलावलं म्हणून गेले. ताईंनी मला खाटेवर शेजारी बसायला खुणावलं. मग म्हणाल्या, "माझं पेन्शन एका वर्षावर आलं होतं गं. तू तरुण होतीस. वाटलं, तू सावरशील."

"सावरले, ताई," मी म्हटलं. "पण तुम्ही एकदाही आला नाहीत."

त्यांनी माझा हात धरला. मी सोडवला नाही, पण दाबलाही नाही. आमची शेवटची भेट ती.

परवा या वर्षीचा अहवाल टेबलावर आला. मी तो मागच्या पानापासून उघडला. "पुढे फोटो असतात, खरं मागे असतं," हे ताईंचंच वाक्य. मागून तिसऱ्या पानावर एक आकडा खटकला आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, हे बघा…"

शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, मला म्हणालात का?"