माझी आई काम करत नाही

भर सभेत आईने मला खोटं पाडलं, याचं मला आजही बरं वाटतं. ती गप्प बसली असती, तर ते वाक्य मी अजूनही बिनचूक म्हणत राहिलो असतो.

मी घरकामगार बायकांच्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिणं माझ्याकडे. 'घरकाम हे कामच आहे' ही ओळ माझी. बंगालीत आणि हिंदीत छापून कोलकात्यातल्या बेहालाच्या गल्लीगल्लीत मी ती वाटत आलो आहे. त्या पत्रकांना घड्या घालायचं काम आईचं. बाबांची बँकेत बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून बाबा बँकेत, मी शाळेत आणि पुढे मोर्च्यात, आणि आई घरात, हे इतकं ठरून गेलं की त्याकडे कुणी पाहतही नसे.

गेल्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या घरकामगार बायकांशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. त्यांनी आठवड्याची पगारी सुट्टी मिळवली होती. ती कशी, हे आमच्या बायकांना त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. तिकडे इंग्रजी कुणाला येत नव्हतं, इकडे दुभाषा मिळेना. मी सहा महिने संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गाला जात होतो, म्हणून हात वर केला आणि घरी येऊन घाबरलो. मी तत्‌पप् केलं, तर कामं लवकर उरकून, मालकिणींची बोलणी खाऊन आलेल्या चाळीस बायका रिकाम्या हाताने परत जाणार होत्या.

वर्गातल्या बाई म्हणाल्या, सगळी भाषा चार आठवड्यांत येणार नाही, एक क्रियापद धर. त्राबाहार, म्हणजे काम करणं. सरळ चालीचं आहे, कुठे वाकडं जात नाही. आणि तुमच्या सभेत दुसरं बोलणार तरी काय?

आईने जुन्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर त्याची सगळी रूपं अर्थासकट देवनागरीत लिहून घेतली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. मेथी निवडता निवडता ती मला विचारायची. मी काम करतो? त्राबाहो. ती काम करते? त्राबाहा. मी मात्र घाईत प्रत्येक वेळी त्राबाहामोस म्हणायचो, आम्ही काम करतो. पत्रकात 'आम्ही'शिवाय लिहिलंय काय मी?

"तुझ्या तोंडात सारखं आम्ही, आम्ही," आई म्हणाली. "घरात एकटा आहेस, इथे तरी मी म्हण."

चौथ्या आठवड्यात जीभ वळली. धड्यातला कुटुंबाचा संवादही पाठ झाला. वडील कचेरीत काम करतात, आई काम करत नाही, बहीण शाळेत जाते. हे मी घडाघडा म्हणायचो आणि आई समोर बसून मान डोलवायची. धड्यावर ढकलता येईल, पण तोंड माझंच होतं.

सभा बेहालातल्या एका क्लबच्या वरच्या खोलीत भरली. भिंतीवर चादर, चादरीवर पांढऱ्या वेणीची एक बाई, तिच्या मागे तिचं स्वयंपाकघर. आमच्या बायका साहेबासमोर बसतात तशा ताठ बसल्या होत्या. आई मागच्या खुर्चीवर घड्या घालत होती. तिला सगळ्या 'बौदी' म्हणायच्या. ज्या घरी भांडी घासतात तिथल्या मालकिणीला म्हणतात, तेच.

सुरुवात बरी झाली. बजबजहून पहिल्या गाडीने येणारी एक मावशी चार घरी काम करते, हे मी नीट पोचवलं. पुढे पडद्यावरच्या बाईने सहज मलाच विचारलं, तुझी आई काम करते का?

मी पटकन म्हणालो, नाही, माझी आई काम करत नाही. नो त्राबाहा. उच्चार चोख, रूप चोख.

मागे खुर्ची सरकली. हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन आई पुढे आली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"त्राबाहो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्राबाहो मुचो." मी काम करते. पुष्कळ करते.

माझे कान तापले. पडद्यावरच्या बाईने तिला विचारलं, किती घरी? आईने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं.

"सांग तिला, एकाच घरी. सुट्टी नाही."

दुभाषा मी होतो. मला ते स्पॅनिशमध्ये सांगावं लागलं, मग माझ्या आधीच्या उत्तरासकट बंगालीतही. मला वाटलं, संपलं. आता या बायका उठून जातील. हा आम्हाला पत्रकं वाटतो आणि याच्या घरी बघा. पण बजबजची मावशी हसायला लागली आणि मग सगळी खोली. आमच्या घरचेसुद्धा हेच म्हणतात, ती म्हणाली, आणि सतरंजीवर सरकून जागा करत आईला म्हणाली, "दिदी, इथे बसा."

बौदी गेली, दिदी आली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला तो तिथे.

त्यानंतर बायका मोकळ्या झाल्या, माझ्या आधी आपणच हातवारे करून विचारू लागल्या. उत्तर साधं होतं. एक वार ठरवला आणि त्या दिवशी गल्लीतली कुणीच कामाला गेली नाही, असे कित्येक आठवडे. नो त्राबाहामोस, आम्ही काम करत नाही. हे वाक्य मी तीनदा सांगितलं, एकदाही न चुकता.

घरी चालत येताना मी माफीचं बोलायला लागलो. ते माझ्या सवयीप्रमाणे लांबत गेलं.

"भाषण नको," आईने गठ्ठ्यातलं एक पत्रक माझ्या हातात दिलं. "दुसरी मागणी वाच."

आठवड्याची एक सुट्टी.

"रविवार नको, रविवारी तुमच्या घड्या असतात. बुधवार दे."

एवढंच मागितलं तिने. मला वाटलं होतं, ती कितीतरी दिवस बोलणार नाही.

आता बुधवारी आमटी मी करतो. ती कधी खारट होते, कधी लागते. आई ती खाते. पहिल्या बुधवारी बाबा बँकेतून आले आणि बूट काढता काढता रोजच्यासारखं म्हणाले, चहा टाकतेस का?

आतल्या खोलीतून, पेपरच्या आडून, आवाज आला, "नो त्राबाहो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट केलं. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि चहाचा डबा कुठे असतो ते मला विचारलं.