टाळ्या चालू होत्या तेव्हा

"चष्मा! अहो, चष्मा घालून पडलेत ते! कुणीतरी वर जा हो!"

सुमनवहिनी ओरडत होत्या. बायकांच्या बाजूला सतरंजीवर उभ्या राहून, हात हवेत नाचवत, आणि शाळेच्या पटांगणात बसलेलं अख्खं गाव टाळ्या पिटत होतं. शेजारच्या एका आजीनं त्यांचा पदर धरून खाली ओढलं. "ओ बाई, खाली बसा की! बाईंचा शेवट चाललाय, मागच्यांना दिसंना झालंय." वहिनी आणखी जोरात ओरडल्या. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. राणी पडली, दासी आक्रोश करतेय, काय हुबेहूब वठवलंय! टाळ्या आणखी वाढल्या. मी स्टेजच्या कडेला माईक धरून उभा होतो, आणि माझ्यापुढं हिरवा शेला पांघरून उताणा पडला होता माझा मित्र, वहिनींचा नवरा दिनकरतात्या. वहिनींचा आवाज कानात शिरल्यावर मी नीट पाहिलं. उतरत्या उन्हात चष्म्याची काच चकाकत होती... आणि माझे पाय फळीला खिळले.

मला ओळखणारे सांगतील, हा गडी पायलीभर बोलला तर शेरभर धरावं. माझ्या गोष्टीत बोकडाचा हत्ती व्हायला फार वेळ लागत नाही. पण वर जे लिहिलंय त्यात मीठ, मिरची, फोडणी काहीही नाही. तात्यावर लिहा, असं वहिनींनीच सांगितलं. अट एकच घातली, "भावजी, त्या दिवसाचं वाढवू नका." बाकीच्या दिवसांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा तिथं मी माझा हात मोकळा सोडणार आहे. तात्याला ते आवडलं असतं.

तात्या मूळचा नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा. नोकरी नागापूरच्या एका कारखान्यात, लेथवर, आणि राहायला केडगावात, माझ्या भिंतीला भिंत लावून. आवाज असा, की तो न्हाणीतून गरम पाणी मागायचा तेव्हा आमच्या घरी माझी बायको बंब पेटवायला उठायची. मिशी एवढी लांब, की एका टोकाला उजाडलं तरी दुसऱ्या टोकाला कोंबडा आरवायचा असायचा. आणि असा हा मिशाळ पुरुष उभी हयात गावोगाव एका राणीचं सोंग घेऊन फिरला. कोणती राणी, ते नगरकरांना सांगायला नको. आपल्या भुईकोट किल्ल्याची ती सुलताना. दिल्लीची फौज दाराशी येऊन ठेपली, तट सुरुंगानं उडाला, तर खिंडारात नंगी तलवार घेऊन उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली, ती. तात्या तिचं नाव मात्र कधी घ्यायचा नाही. "नाव घेतलं की मानूस पाटीवर जातं रे," म्हणायचा. "चौकाला नाव, रस्त्याला नाव, झालं, संपलं. मंग कोन इचारतंय कोन हुती? आपन आपलं बाई म्हनायचं. घरातलं मानूस वाटतं."

सुरुवात झाली कारखान्याच्या कँटीनमध्ये. डबा खाता खाता तात्यानं किल्ल्याचा वेढा सांगायला घेतला. भोंगा झाला, कुणी उठेना. मशिनी बंद पाहून साहेब तावातावानं आले. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्यानं हातातला पाइप त्यांच्यावर रोखला आणि गरजला, "तुमी! तुमी खिंडारात उभे ऱ्हावा!" साहेब मुकाट्यानं दोन टेबलांच्या मधे जाऊन उभे राहिले. तट बांधून होईपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "पुढं काय झालं?" त्या दिवशी कारखान्यात एकही नग तयार झाला नाही असं मी सांगत असतो. तात्या म्हणायचा, साहेब नुसतेच दारात थांबले होते. पण मी सांगतो तेच चांगलं आहे.

पुढं कार्यक्रमच सुरू झाले. जत्रा, शाळा, जयंत्या, कुठंही. वहिनींच्या हिरव्या शालूचा शेला झाला, पत्र्याची तलवार तात्यानं स्वतः घासून केली. आधी मी माईकवर त्याची ओळख करून द्यायचो. ती इतकी फुगवायचो की तात्या मागून शेल्याआडून पुटपुटायचा, "ए थापाड्या, आवर. आता मलाच मी बघावासा वाटाया लागलोय." आणि मग तो पुढं यायचा. पाठ ताठ, चेहऱ्यावर शेला, मिशी त्याच्या आत. हसणारे पहिल्या दोन वाक्यांत गप्प व्हायचे. मी इतकी वर्षं बघत आलो, पण तो शेला चेहऱ्यावर आला की मला कधीच मिशी आठवली नाही.

शेवट मात्र जीवघेणा असायचा. बाईंना शत्रूनं मारलं नाही, आपल्याच माणसांनी मारलं. कुणीतरी आवई उठवली की बाई दिल्लीला फितूर झाली, आणि काल ज्यांनी तिच्यासाठी दगड वाहिले तेच तिच्या महालात घुसले. "एकानं बी इचारलं न्हाई," तात्या सांगायचा, आणि इथं त्याचा तो दणदणीत आवाज एकदम खाली यायचा, "की बाई, हे खरं हाय का? नुसतं इचारलं असतं तरी भागलं असतं." मग तोंडावरचा शेला मागं सारून तो धाडकन पडायचा. पहिल्यांदा असा पडला तो बेलापुरात, आपल्या गावात. तर पुढच्या रांगेतला एक म्हातारबा पाण्याचा तांब्या घेऊन धावत स्टेजवर चढला. "बाई, पानी पी, बाई!" म्हणून त्यानं मेलेल्या राणीच्या तोंडात पाणी ओतलं. राणीला ठसका लागला. मिशीतून पाण्याचं कारंजं उडालं, ते समोर बसलेल्या पाटलांच्या फेट्यापर्यंत गेलं. गाव हसून हसून लोळलं आणि तात्या पडद्यामागं जाऊन ढसाढसा रडला. तेव्हापासून नियम झाला, आणि तो दर कार्यक्रमाच्या आधी मी माईकवर सांगायचो. बाई पडल्यावर कुणी उठायचं नाही, कुणी जवळ जायचं नाही. ती आपली आपण उठेल. आमच्या भागातली गावं बाकी कुठला नियम पाळोत न पाळोत, हा डोळ्यांत तेल घालून पाळायची. मूल रडलं तरी आई त्याचं तोंड दाबायची. सगळं चिडीचूप, मग टाळ्या, मग जयजयकार, आणि त्या गजरात तात्या उठून मुजरा करायचा... त्या म्हातारबाची मला अलीकडे फार आठवण येते.

दुसरा नियम वहिनींचा. एकदा पडताना तात्याच्या चष्म्याची काडी मोडली. वहिनींनी बजावलं, "राणी मरो नाहीतर राहो, चष्मा आधी काढायचा." तेव्हापासून शेला सारता सारता तात्या चष्मा अलगद पैरणीच्या खिशात सोडायचा. इतक्या सफाईनं की हजार लोकांतून एकाला दिसायचं नाही. ठाऊक होतं ते फक्त वहिनींना आणि मला.

एकदा एका शाळेत एक धीट मुलगी उभी राहिली. गोळे संपले तेव्हा बाईंनी तोफेतून सोन्याचे गोळे उडवले, असं तात्या सांगायचा. तिनं विचारलं, "काका, हे खरंय का?" मी मनात म्हटलं, मेलो. तात्यानं शेला काढला, तिच्यासमोर खाली मांडी घातली. "मला म्हाईत न्हाई, बाळ. सोनं हुतं का लोखंड, कोन सांगनार? पन एक सांगतो. जे मानूस आवडत न्हाई, त्याच्या नावावर लोकं फुटकी कवडी बी घालत न्हाईत. हिच्या नावावर सोनं घातलं. ते कुनी घातलं? तुझ्यामाझ्यासारख्यांनी. म्हंजे बाई त्यांना लई आवडत हुती, एवढं तर खरं." येताना गाडीत मी म्हणालो, "तात्या, म्हणजे थापा मारायला हरकत नाही?" तो म्हणाला, "जिवंत मान्साला इचारता येतं तवर इचारावं. थापा मागनं माराव्या."

त्या दिवशी केडगावच्या पुढं, पुणे रस्त्यावरच्या एका गावात कार्यक्रम होता. मी नियम सांगितला. चांगला रंगवून सांगितला. तात्या पडला... आणि त्यानंतरचं तुम्ही वर वाचलंच आहे. गर्दीतून गावचे डॉक्टर वर चढले, ते पहिले. वहिनींचा चेहरा बघून उठलो, असं नंतर म्हणाले. त्यांनी हात धरला, मान खाली घातली, आणि एकदम छाती दाबायला लागले. तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या. थांबल्या म्हणजे काय, एखाद्यानं बटण दाबावं तशा. पुढच्या रांगेतल्या एका माणसाचे दोन्ही हात तसेच समोरासमोर हवेत राहिले होते, ते मला अजून दिसतात. तात्याला जीपमध्ये घातलं. डॉक्टर आणि मी त्याच्याबरोबर, वहिनींना बायकांनी मागच्या गाडीत बसवलं. केडगाव यायच्या आत डॉक्टरांनी हात थांबवले. मी विचारलं, "पडला तेव्हाच गेला ना?" त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "नाही. मी वर आलो तेव्हा नाडी होती. बारीक होती, पण होती." मग थोड्या वेळानं, "त्या ओरडल्या तेव्हाच कुणी उठलं असतं तर... सांगता येत नाही. काहीच सांगता येत नाही." तिरस्कारानं नाही, तक्रार म्हणूनही नाही. दमलेल्या माणसासारखं.

बाईंकडं लोक काही न विचारता धावत गेले. तात्याकडं कुणी धावलंच नाही. मी हे वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. राहू दे.

तात्याचे दिवस होईपर्यंत गोष्ट पंचक्रोशीत फिरली होती. कुणी म्हणालं, तात्या पडला तेव्हा पत्र्याची तलवार फळीत उभी रुतली. कुणी म्हणालं, शाळेमागं घोडं खिंकाळलं. एक पाहुणे तर हात जोडून मलाच सांगत होते की किल्ल्यावरून बाई स्वतः त्याला न्यायला आल्या, हिरव्या पालखीतून. "भाग्याचं मरण," सगळे म्हणत होते. "टाळ्यांच्या गजरात गेला." एरवी मी त्या पालखीला सोन्याचे गोंडे लावले असते. भोई किती, त्यांचे फेटे कुठल्या रंगाचे, सगळं सांगितलं असतं. पण कोपऱ्यात वहिनी बसल्या होत्या, आणि प्रत्येक जण "भाग्याचं" म्हणाला की त्या त्याच्याकडं नुसत्या बघायच्या.

पाहुणे पांगल्यावर, एका दुपारी, मी भिंतीपलीकडं गेलो. वहिनींनी चहा ठेवला. घरात इतकी शांतता, की गॅसचा आवाज ऐकू येत होता. तात्या असताना त्या घरात घड्याळाची टिकटिकसुद्धा कधी ऐकू आली नव्हती. वहिनींनी कप माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसल्या.

"भावजी, एक विचारते. तुम्ही गाडीत होता, डॉक्टर तुमच्याशीच बोलले. मी ओरडले, तेव्हा होते का हो ते?"

आयुष्यभर मी थापा मारल्या. जत्रांत, माईकवर, पारावर, कुणी मागितल्या नाहीत तरी मारल्या. एवढी एक थाप नीट जमावी म्हणून मी जीव एकवटला. आवाज स्थिर ठेवला. डोळ्याला डोळा भिडवला.

"नाही, वहिनी. पडायच्या आधीच गेला होता तात्या. उभ्या उभ्याच. तुमचा आवाज, टाळ्या, काहीच नाही पोचलं त्याच्यापर्यंत. कुणी उठलं असतं तरी काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनीच सांगितलं मला."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग बशी माझ्याकडं थोडी सरकवली.

"सोमवारी जाऊन आले मी डॉक्टरांकडं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."